मुक्ती मिशन, शनिवारचा वॉर्ड आणि आपली ‘आत्मिक वाढ’

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाक्य वारंवार ऐकू येते : “आधी आत्मिक वाढ होऊ द्या, सेवा आपोआप होईल.” मीही ते अनेक वर्षे मान डोलावून ऐकले आणि तरुण संघात इतरांना ऐकवलेही. आज मला ते पटत नाही, आणि न पटण्याचे कारण बरेचसे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्याआधी तेथील ख्रिस्ती संन्यासिनी भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला पाठवले होते. समाजाने ‘पतित’ म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांची तेथे मायेने सेवा चाललेली पाहून, या बायकांसाठी तुम्ही एवढे का करता, असा प्रश्न त्यांनी विचारला, तेव्हा उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, म्हणजे विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट, वाचून दाखवण्यात आली. क्रम लक्षात घ्यावा : सेवा आधी डोळ्यांनी दिसली आणि वचन त्यानंतर कानी पडले.

पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. मुंबईत 1889 साली त्यांनी शारदा सदन ही निवासी शाळा उघडली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आली, विधवा मुली तेथे शिकू लागल्या. आणि एवढे सगळे उभे करणाऱ्या रमाबाईंनी नंतर आपल्या साक्षीत लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. आधी वाढ आणि मग सेवा हा नियम त्यांना लावला असता, तर शारदा सदन उघडायला निदान दोन वर्षे उशीर झाला असता, आणि त्या मुलींना थांबायला वेळ नव्हता.

अर्थात केवळ सेवा पुरते असेही त्यांचे जीवन सांगत नाही. मुलगी असताना दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर पुण्याजवळच्या केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, जवळजवळ दोन हजार जणींच्या पोटाची काळजी होती. विणकाम, शेती, छापखाना असा मोठा व्याप सांभाळत असतानाच तेथे प्रार्थनेचे गट बसत होते, आणि 1905 च्या ज्या संजीवनाच्या, म्हणजे आत्मिक जागृतीच्या, आठवणी आपण अजून काढतो, ते याच कष्टाच्या घरात झाले. तरीही बाई ‘पोहोचलेल्या’ झाल्या नाहीत. अशिक्षित बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, भाषांतर करावे म्हणून त्यांनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. कानांनी नीट ऐकू येत नव्हते. मनोरमा ही एकुलती एक मुलगी 1921 साली गेली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या, त्या भाषांतराचे काम हातावेगळे करूनच.

(शारदा सदनातील धर्मांतराच्या वादावरून 1893 साली रानडे आणि भांडारकर या समाजसुधारकांसारखे हितचिंतक त्याच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, हेही आपण लपवू नये. मदतीच्या बदल्यात विश्वासाची अपेक्षा धरली की सेवेचा सौदा होतो, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि ही शंका आपल्यावर घेतली जाते तेव्हा चिडण्यापेक्षा आपले हात तपासून पाहावेत.)

आता स्वतःविषयी थोडे. आमच्या मंडळीतले एक काका, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक, दर शनिवारी एका सरकारी रुग्णालयात जातात आणि ज्यांच्याजवळ कोणी नातेवाईक नाही अशा पुरुष रुग्णांची नखे कापतात, दाढी करून देतात. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. दोन्ही हात प्लास्टरमध्ये असलेल्या एका माणसाच्या खाटेशी उभा राहून मी चांगली दहा मिनिटे, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर तो अवघडून म्हणाला, “साहेब, पाठ खाजतीय हो मगापासनं.” काका काही बोलले नाहीत, त्यांनी नेलकटर खिशात ठेवले आणि त्याची पाठ खाजवून दिली.

त्या एका वाक्याने मला जेवढे शिकवले, तेवढे तीन दिवसांच्या संजीवन सभेने शिकवले नव्हते. पुढच्या शनिवारपासून मी आधी विचारू लागलो, आणि माझ्या प्रार्थना आखूड झाल्या. पण शनिवारी जे कळत नाही ते शुक्रवारच्या घरसभेत वचनापुढे बसल्यावर उलगडते, हाही अनुभव आहे. घरसभा चुकली की वॉर्डातली माझी चिडचिड वाढते, हे काकांनी माझ्याआधी ओळखले होते.

मध्यंतरी घरसभेत योहान चार वाचताना पहिल्यांदाच लक्षात आले, की विहिरीवर प्रवास करून दमलेला येशू त्या बाईला काही देण्याआधी तिच्याकडे पाणी मागतो. वॉर्डात रुग्ण चहा पुढे करीत, तेव्हा मी नेहमी “नको, नको, आम्ही तुमच्यासाठी आलो आहोत” असे म्हणत असे. परवा त्या प्लास्टरवाल्याच्या शेजारच्या आजोबांनी थर्मासच्या झाकणात ओतून दिलेला चहा मी घेतला. साखर फार होती. आजोबा मी पिऊन होईपर्यंत बघत होते, आणि मग त्यांनी उरलेला अर्धा काकांना दिला.