फिश टँकला लाकडी स्टँड चालत नाही म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय, प्रत्येक मासेवाल्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच. त्याचा सार असा: मोठ्या टँकला लाकडी स्टँड म्हणजे घरात बॉम्ब, कारण लाकूड एवढं वजन पेलत नाही, पेललं तरी पाणी लागून सडतं, तरी करायचाच हट्ट असेल तर वर दीड इंची जाड फळी टाका, खालीवर असलं तर टँकखाली घातलेला थर्माकोल सांभाळून घेतो, आणि शहाण्याने सरळ लोखंडी घ्यावा, आयुष्यभर बघायला नको. यातलं थोडं खरंय, पण जे खरंय ते भलत्याच कारणासाठी.

आधी वजन. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच टँक घ्या. १२ घनफूट म्हणजे साधारण ३४० लिटर पाणी, १० एमएमची काच ६५ किलोच्या आसपास, वर वाळू-दगड, झाले साडेचारशे किलो. आकडा ऐकून छातीत धस्स होतं हे मान्य. पण ३ बाय २ इंचाचा लाकडाचा पाय, रंधा मारून थोडा बारीक झालेला धरा, त्याचं क्षेत्रफळ तीस-एकतीस चौरस सेंटिमीटर येतं. उभ्या रेषेत दाब आला तर चौरस सेंटिमीटरला ५० किलो हा सागवानासाठी मुद्दाम कमी धरलेला हिशोब आहे, आणि तरी एक पाय दीड टन घेतो. त्याच्या वाट्याला येतात शंभर-सव्वाशे किलो. म्हणजे पाय चिरडून टँक खाली येईल ही भीती काढून टाका.

मग लाकडी स्टँड पडतात ते का? दोन कारणं, आणि मेसेजमध्ये दोन्ही नाहीत. एक म्हणजे वजन स्क्रूवर लटकवलेलं असतं. आडवी पट्टी पायाच्या बाजूला चिकटवली, चार स्क्रू मारले, आणि सगळा भार त्या स्क्रूंवर. पट्टी पायाच्या डोक्यावर बसली पायजे, किंवा पायात खाच मारून तिच्यात, म्हणजे वजन लाकडावरून लाकडावर उतरत थेट जमिनीत जातं आणि स्क्रू-फेव्हिकॉलला फक्त धरून ठेवायचं काम उरतं. सुताराला हे सांगा, चांगला सुतार तुम्ही सांगायच्या आधीच करतो. दुसरं म्हणजे डोलणं. नुसते चार पाय आणि वर-खाली चौकट असा स्टँड उभं वजन मजेत घेतो, पण कोणी बाजूने धक्का दिला की कलतो, आणि पाणी हिंदकळलं की अजून कलतो. पाठीमागे पूर्ण प्लायचा तक्ता ठोकला, दोन्ही बाजूंनाही लावला, की हा प्रश्न जवळजवळ संपतो. फिल्टरचे पाइप काढायला मागे भोकं पाडा हवी तर, अख्खी पाठ उघडी ठेवू नका.

रेडिमेड भुसा-बोर्डाची कॅबिनेटं मात्र खरंच बेकार. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफला एकदा पाणी मुरलं की फुगतं आणि स्क्रू सुटतात. मला वाटतं लोकांनी अशीच कॅबिनेटं कोसळलेली बघितली आणि बिल सागवानावर फाडलं.

आता सडण्याचं. लाकूड ओलं झालं म्हणून सडत नाही, ओलंच राहिलं तर सडतं. पुण्यातले जुने वाडे बघा, लाकडी खांब वरच्या मजल्याचं सगळं ओझं घेऊन उभे, पण प्रत्येक खांबाखाली दगडी बैठक. खांबाचं टोक जमिनीतली ओल ओढत नाही, एवढंच त्यामागचं गणित. आपल्या स्टँडलाही तेच: पायांची खालची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात, तिथे पॉलिश किंवा पीयूचे (पॉलियुरेथेन, पाणी अडवणारं लाकडाचं कोटिंग) दोन-तीन हात जास्त, आणि खाली रबर नाहीतर पीव्हीसीचा तुकडा. प्लाय घेताना त्यावरचा आयएस म्हणजे भारतीय मानकाचा नंबर बघा: आयएस ७१० म्हणजे मरीन, नाहीतर किमान आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा. एमआर ग्रेड (फक्त दमटपणा सोसणारा) स्वस्त असतो म्हणून दुकानदार पुढे करतो, तो इथे नको. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन वापरणार असाल तर वाळवीचं औषध मारूनच.

जाड फळीचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण ऐकायला एकदम पटतो. दीड इंच जाड, १८ इंच रुंद फळी ४ फुटांवर आडवी टाकली तर ती मधे वाकते. त्याऐवजी पुढे एक आणि मागे एक अशा ४ बाय २ च्या पट्ट्या, ४ इंचाची बाजू उभी ठेवून लावल्या तर लाकूड कमी लागतं आणि ताठपणा तिपटीहून जास्त. ताठपणा उंचीच्या घनात वाढतो म्हणून. तीच पट्टी आडवी झोपवली तर चौपट कमी ताठ, आणि आपल्याकडे ती हमखास झोपवतात! पुढे-मागे मधला एक-एक पाय दिला तर वाकायचं टेन्शनच नाही. वरचा तक्ता मग १९ एमएम प्लायचा पुरतो.

थर्माकोल चांगला आहे, पण तो वाळूचा कण, स्क्रूचं डोकं, लाकडातला बारीक उंचवटा एवढंच खातो. चौकट पिळलेली असेल, एक कोपरा ४-५ एमएम वर असेल तर थर्माकोल काय करणार? काचेचा तळ त्या कोपऱ्यावर ताणला जातो आणि सिलिकॉनचा जोड कधीतरी दगा देतो. कर्ण दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. पीळ त्याने कळत नाही, त्यासाठी चारही कडांवर आणि तिरकं लेव्हल बॉटल (बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल) ठेवा. फरशीला उतार असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली मारा, टँक आणि स्टँडच्या मधे कधीच नाही.

लोखंडी स्टँड वाईट नाही, मोठ्या रॅकला तोच बरा. पण वेल्डिंग गार होताना लोखंड खेचतं, त्यामुळे पीळ त्यालाही येतो. चौकोनी पाइप आतून गंजतो ते बाहेरून कळत नाही, खाऱ्या पाण्याच्या टँकखाली तर विचारूच नका. आयुष्यभर वगैरे काही नाही, रंग त्यालाही मारावा लागतो.

शेवटी जमीन, जिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. घरातल्या खोल्यांचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून काढतात, आणि आपला टँक अर्ध्याहून थोड्या जास्त चौरस मीटरवर साडेचारशे किलो ठेवतोय. हा आकडा अख्ख्या खोलीवर पसरलेल्या वजनाचा असतो, त्यामुळे सिमेंटच्या चांगल्या इमारतीत बीमला लागून, भिंतीकडेने ठेवला तर सहसा अडचण येत नाही, खोलीच्या मधोमध मात्र ठेवू नका. मुंबईच्या जुन्या चाळीत लाकडी तुळयांवर मजला असेल तर स्टँड लोखंडी का लाकडी हा वाद नंतर, आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा.