‘डोन्ट वरी, बी हॅपी’ बॉब मार्लीचं नाही, आणि ते गाणारा हयात आहे

एक मेसेज दर काही महिन्यांनी माझ्याकडे परत येतो. ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे जमैकाच्या बॉब मार्लीचं गाणं, असं त्यात असतं. कधी मार्लीच्या जागी अमेरिकन गायक बॉबी मॅकफेरिनचं नाव येतं आणि सोबत हे जोडलेलं असतं: जगाला आनंदी राहा सांगणाऱ्याने स्वतः मात्र आत्महत्या केली, शिवाय गाण्यात होतं काय, शिट्टी आणि चुटक्या, त्या एका गाण्यानंतर तो संपला. गाणं मॅकफेरिनचं, एवढं सोडलं तर यातलं एकही विधान खरं नाही.

मार्लीचं आधी बघू. तो मे १९८१मध्ये गेला. हे गाणं आलं १९८८मध्ये. गोंधळ का होतो ते कळतं: चाल कॅरिबियन वळणाची आहे, आणि काळजी करू नकोस असं सांगणारं ‘थ्री लिटल बर्ड्स’ मार्लीने १९७७मध्ये खरोखरच गायलं होतं. पुढे एमपीथ्रीच्या काळात चुकीच्या नावाच्या फाईली फिरल्या आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे शब्द मॅकफेरिनचेही नव्हेत. ते आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांचे. पुण्यात जन्मलेले, नगरजवळ अरणगावला ज्यांची समाधी आहे, तेच. १० जुलै १९२५ला धरलेलं मौन त्यांनी १९६९पर्यंत, देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. त्यांचं हे वाक्य पोस्टरांवर छापून अमेरिकेत पोचलं आणि टक अँड पॅटी या संगीतकार जोडप्याच्या घरी मॅकफेरिनला दिसलं. आपल्याकडे हे गाणं इतकं वाजतं आणि नगरचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ‘शिट्टी आणि चुटक्या’. त्या ध्वनिमुद्रणात एकही वाद्य नाही. बेस, ठेका, मागचा कोरस, सगळं एकाच माणसाच्या गळ्यातून आणि अंगातून आलेलं, थरावर थर चढवून. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत वाद्याविना पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं. पण हे थर चढवणंही त्याला गरजेचं नव्हतं. १९८४चा ‘द व्हॉइस’ हा अल्बम ऐका. जर्मनीतल्या मैफली, मंचावर एकटा मॅकफेरिन, साथीला कुणी नाही. त्यात बीटल्सचं ‘ब्लॅकबर्ड’ आहे. तो खर्जात एक स्वर लावतो, सोडतो, क्षणात वर जाऊन चालीचा एक स्वर उचलतो, पुन्हा खाली येतो. खालचा स्वर प्रत्यक्षात थांबलेला असतो, पण आपल्या कानात तो चालूच राहतो आणि दोन माणसं गातायत असं वाटतं. हाताने छातीवर ठेका. श्वास आत घेतानाही स्वर. मी हेडफोन लावून हे कितीदा ऐकलं असेल, आणि जोड कुठे आहे ते अजून सापडत नाही.

ही तयारी आकाशातून पडलेली नाही. वडील रॉबर्ट मॅकफेरिन बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीच्या आवाजाचे, गायक. १९५५मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष. बॉबी स्वतः आधी पियानो वाजवायचा, सत्ताविशीत गाण्याकडे वळला. हे गाणं गाजण्याआधीच जॅझ गायनाचं ग्रॅमी त्याला लागोपाठ तीन वर्षं मिळालं होतं.

‘नंतर संपला’ म्हणणाऱ्यांनी नंतरची वर्षं पाहिलेलीच नाहीत. चाळिसाव्या वाढदिवशी, १९९०मध्ये, त्याने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या वाद्यवृंदाचं संचालन केलं. १९९२मध्ये चेलोवादक यो-यो मा यांच्यासोबत ‘हश’ हा अल्बम. १९९७मध्ये ‘सर्कलसाँग्ज’, ज्यात गोलात उभ्या गायकांना तो जागच्या जागी एकेक ओळ देत जातो. २००९मधला एक व्हिडिओ तर तुम्ही पाहिलाही असेल: तो मंचावर उड्या मारतो, प्रत्येक जागेला एक स्वर, आणि न शिकवलेल्या जागेवर उडी पडली तरी अख्खं सभागृह बरोबर स्वर लावतं. पाचच स्वर, आपल्या भूपाचे.

आणि मृत्यू? त्याने आत्महत्या केलेली नाही. २०२०मध्ये त्याला अमेरिकेत जॅझसाठीचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला, २०२३मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव. जिवंत माणसाच्या आत्महत्येची बातमी तीस-तीस वर्षं पुढे ढकलत राहणं क्रूर आहे, एवढं तरी ‘फॉरवर्ड’ दाबताना आठवा.

यावेळी ज्यांनी मेसेज पाठवला त्यांना मी ‘ब्लॅकबर्ड’ पाठवलंय. हेडफोन लावून ऐका, असं लिहून.