तगरीवरचं 'सापाचं पिल्लू' आणि पांढऱ्या फुलांची फुकटची बदनामी

परवा कराडहून आत्याचा फोन. "अगं ती तगर आणि अनंत काढून टाकला बघ सगळा, साप येतात म्हणे." अंगणाच्या कडेने पांढऱ्या फुलांची रांग होती तिच्याकडे, आम्ही लहानपणी देवाच्या फुलांसाठी भांडायचो ती. कारण काय तर व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज. मग तो मलाही पाठवला, मग नणंदेकडूनही आला, मग सोसायटीच्या ग्रुपवरही. म्हणून आता लिहितेच.

मेसेज थोडक्यात असा: बागेच्या कडेला पांढरी फुलं लावू नका, मधमाश्यांना पांढरा रंग दिसत नाही, रातराणी-मोगऱ्याच्या वासाने साप येतात आणि तगरीवर त्यांची पिल्लं चढतात (सोबत फोटो), फुलपाखरांना भडक रंगच लागतात म्हणून लाल फुलं लावा, आणि मधमाश्यांसाठी बशीत साखरपाणी ठेवा. खाली हात जोडलेले, 'जनहितार्थ'.

आधी तो फोटो. हिरवंगार काहीतरी, तोंडापाशी दोन निळे मोठे डोळे. जरा मोठा करून बघा की! मागच्या टोकाला छोटं शिंग आहे आणि पुढे पायांच्या तीन जोड्या. सापाला पाय कधी फुटले? ही कण्हेरीच्या पतंगाची अळी आहे, इंग्रजीत ओलिअँडर हॉकमॉथ म्हणतात तो. कण्हेर, तगर, सदाफुली यांची पानं खाते. ते डोळे डोळेच नाहीत, पाठीवरचे ठिपके आहेत, अळीला डिवचलं की ती डोकं आत ओढून पुढचा भाग फुगवते आणि ठिपके वटारल्यासारखे दिसतात. हे सोंग पक्ष्यांना घाबरवायला आहे, फसली आमची आत्या. तोडायच्या आधी तिने कसलंतरी औषधही फवारलं होतं दोनदा, आणि मला खरा राग त्याचा आहे, कारण हीच अळी मोठी होऊन संध्याकाळी मोगरा-जाईसमोर हेलिकॉप्टरसारखी एका जागी थरथरत, लांब सोंड आत घालून मध पिणारा पतंग होते. म्हणजे पांढऱ्या फुलांवर येणारं गिऱ्हाईकच आपण मारतोय आणि वर म्हणतोय पांढऱ्यावर कोणी येत नाही. चार पानं खाल्ली तर खाऊ देत, तगर परत फुटते.

साप फुलांचा वास घ्यायला येत नाही, तो उंदीर, बेडूक, पाली यांच्या मागे येतो. हां, एवढं मान्य करते की झाडी जमिनीपर्यंत दाट वाढली, खाली पालापाचोळा आणि विटांचा ढीग असला तर उंदीर होतात आणि मग साप येऊ शकतो. पण ते लाल जास्वंदीखालीही होईल. खालच्या फांद्या छाटा, ढीग उचला, झालं.

आता 'मधमाशीला पांढरं दिसत नाही'. उलटं आहे हो. मधमाशीला लाल रंग नीट कळत नाही, तिला अतिनील, निळा आणि हिरवा कळतो, आणि बहुतेक पांढरी फुलं अतिनील किरण शोषून घेतात त्यामुळे ती तिला हिरव्या पानांतून वेगळी उठून दिसतात. शास्त्र नको असेल तर बियाण्याच्या कांद्याच्या रानात जाऊन उभे राहा. कांद्याचे पांढरे गोंडे फुलले की नुसती भुणभुण असते. त्या फुलात पराग आधी तयार होतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेणारं कोणीतरी लागतंच, माश्या नसतील तर बी नीट धरत नाही. शेवगा पांढरा, लिंबू पांढरं, कढीपत्ता पांढरा. यांच्यावर कोण येतं मग, भुतं?

आणि हे सगळ्यात भारी. आपल्या भीमाशंकरच्या जंगलात वारस नावाचं झाड आहे, रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या फुलांचं. हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस या संशोधकांनी तिथे काम केलं, २००१ साली छापलंय, की त्याचं परागीभवन सुतारभुंगे (लाकूड पोखरून राहणारे, मधमाशीचेच नातलग) करतात, तेही रात्री. पुढे २००८ मध्ये सोमनाथन, बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथल्या सुतारभुंग्याची एक जात चंद्र नसलेल्या रात्रीही, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखते. आपल्याला त्या अंधारात स्वतःचा हात दिसत नाही, आणि मेसेजवाला यांना पांढरं दिसत नाही म्हणून सांगतोय.

फुलपाखरांचं अर्धं बरोबर आहे, बरीचशी भडक रंगांवर जातात. लावा की घाणेरी, एक्झोरा, पण त्यासाठी पांढरं उपटायची काय गरज? आणि लाल जास्वंदीवर मुख्य येतो तो शिंजीर, तो पक्षी आहे.

साखरपाणी मात्र कृपा करून ठेवू नका. माश्या त्यात बुडून मरतात, मुंग्या लागतात, वेगवेगळ्या पोळ्यांच्या माश्या एकाच बशीत आल्या की रोग पसरतो, आणि बशीत पोट भरलं तर ती फुलावर कशाला जाईल. मधमाश्या पाळणारे पेटीवाले पावसात साखरेचा पाक देतात हे खरंय, पण पेटीच्या आत, कट्ट्यावर नाही. साधं पाणी ठेवा, त्यात टेकायला खडे टाका.

कडेला पांढरी-फिकी रांग हवी असेल तर खर्चही फार नाही. पांढरी सदाफुली, तुळस, सब्जा, मागे मोगरा, कोपऱ्यात ओलाव्याला सोनटक्का. आणि एक वाफा कोथिंबीर न उपटता फुलावर येऊ द्या, त्या बारक्या फुलांवर किती प्रकारच्या माश्या येतात ते मोजत बसा. तगर घेताना शक्यतो एकेरी पाकळीची घ्या, डबल दिसायला छान पण किड्यांना तिचा उपयोग कमी.

आत्याला तगरीच्या फांद्या पावसाळ्यात नेऊन देणार आहे, लागतात पटकन. अळी दिसली की फोटो आधी मला पाठव, ग्रुपवर नंतर टाक, असं सांगितलंय. "आणि खरंच साप निघाला तर?" म्हणाली. म्हटलं पाय मोज.