नीतिमत्ता हिशेबाच्या तासाला शिकवा

गेली दोन-तीन वर्षं महाराष्ट्रातल्या बातम्या वाचताना एक मागणी सारखी कानावर येते : मॅनेजमेंट कॉलेजांनी मुलांना मूल्यं शिकवावीत. २०२३ च्या ऑक्टोबरात इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं विधान गाजलं. या दोन्हींच्या मधे, जुलै २०२४ मध्ये, पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत लागून जेमतेम चार महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्या पत्रानंतर ही मागणी आणखी वाढली, आणि ती करणाऱ्यांची कळकळ मला खरी वाटते. मूल्यं कुठे आणि कशी शिकवायची, याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

मूर्तींनी तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचा दाखला दिला होता. मी जर्मनीतच, ब्राउनश्वाइगला राहते आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून आधी त्याबद्दल. जर्मन माणूस युद्धानंतर राबला हे खरंच आहे. पण १९५६ सालीच इथल्या कामगार संघटना शनिवारची सुट्टी मागत होत्या. त्यांच्या पोस्टरवर एक लहान मुलगा म्हणत होता, शनिवारी बाबा माझे. देश उभा राहत असतानाच कामाचे तास कमी होत गेले, आणि १९९५ पासून पश्चिम जर्मनीतल्या धातू उद्योगात आठवडा ३५ तासांचा आहे. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

तरीही ‘जर्मनीकडून शिका’ असं मी म्हणणार नाही. माझ्या घरापासून तीसेक किलोमीटरवर वोल्फ्सबुर्ग आहे, फोक्सवागनचं गाव. चाकणला कारखाना आहे तीच ही कंपनी. तिने डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर बसवलं, की गाडी तपासणीला लावली आहे हे ते ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर आटोक्यात ठेवायचं. रस्त्यावर आल्यावर तीच गाडी अमेरिकेतल्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड हा घातक वायू सोडायची. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हे उघड केलं, तेव्हा जगभर अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. मे २०२५ मध्ये आमच्या गावच्या न्यायालयाने कंपनीच्या चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्यांतल्या दोघांना तुरुंगवास झाला.

या कंपनीत व्यवस्थेची उणीव नव्हती. १९७६ च्या कायद्याप्रमाणे कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक मंडळावरच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना आहेत, आणि राज्य सरकारकडे २० टक्के मतं आहेत. माणसं उच्चशिक्षित, नियम काटेकोर. पण साहेबांना वाईट बातमी सांगायची नाही ही भीती तिथे किती खोल मुरली होती, हे प्रकरण फुटल्यावर पुन्हा पुन्हा समोर आलं. ‘हे नियमात बसवून जमणार नाही’ एवढं वाक्य वरच्या मजल्यापर्यंत पोचलं नाही.

हे प्रकरण मी नीतिशास्त्राच्या तासाला शिकवत नाही, उत्पादनखर्चाच्या तासाला शिकवते. धूर शुद्ध करायला युरियाच्या द्रावणाची टाकी बसवली तर खर्च वाढतो, जागा जाते, ग्राहकाला ती भरत राहावी लागते. नाही बसवली तर छोट्या गाडीत अमेरिकेची मर्यादा गाठणं फार अवघड. मुलं आधी हे गणित करतात. आकडा हातात आला की मी सांगते : उद्या बैठक आहे, साहेबांना काय सांगाल ते शब्दशः लिहा. ही रीत माझी नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मेरी जेंटाइल यांनी ती रुजवली. बरोबर काय हे बहुतेकांना कळत असतं, ते कुणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं याचा सराव नसतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या खेपेला निम्मी मुलं राजीनामा लिहितात आणि निम्मी गप्प बसतात. दोन्हींनी गाडीचा धूर कमी होत नाही. पुन्हा लिहायला लावलं की हळूहळू कामाची वाक्यं येतात. कुणी गाड्या परत बोलवाव्या लागल्या तर किती खर्च येईल ते मांडतं. कुणी तो आदेश लेखी मागतं. कुणी म्हणतं, मी एकटी जाणार नाही, चाचणी विभागातल्या दोघांना घेऊन जाईन. माझ्या दृष्टीने हेच नेतृत्वाचं शिक्षण. ते भाषणाने येत नाही, दहादा लिहून आणि बोलून येतं.

माझा भाचा पुण्यात एमबीए करतो. त्याने तिथल्या नीतिमत्तेच्या पेपरच्या नोट्स मला पाठवल्या. गांधीजींच्या विश्वस्त संकल्पनेवर टीप, थोर उद्योजकांची चरित्रं, आणि कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमातला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा नियम : मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. हे सगळं माहीत हवंच. पण नफा मिळाल्यावर त्यातलं किती द्यायचं एवढंच यात आहे. तो मिळवताना कुणाचं काय गेलं, हा प्रश्न नोट्समध्ये कुठेच नाही. आणि नुसती माहिती असल्याने माणूस चुकीपासून वाचत नाही. सत्यम या आयटी कंपनीला २००८ मध्ये उत्तम कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. त्या वर्षी संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाताही होते. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी ताळेबंदातल्या खोट्या आकड्यांची कबुली दिली.

म्हणून माझी मागणी आहे की हा विषय त्या एका पेपरातून बाहेर काढा. अकाउंट्सच्या तासाला पीएमसी या सहकारी बँकेचा ताळेबंद शिकवा. तपासात २१ हजारांहून अधिक बनावट खाती निघाली, एका बांधकाम समूहाची कर्जं त्यांच्याआड लपवलेली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला आपल्याच खात्यातून फक्त १००० रुपये काढता येत होते. नोंदी कशा लपवल्या ते शिकवा, आणि त्याच तासाला मुंबईतल्या एखाद्या ठेवीदाराला वर्गात बोलवा. माणूस समोर बसलेला असला की खोट्या नोंदीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मनुष्यबळाच्या तासाला नारायण मेघाजी लोखंडे शिकवा. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना त्यांनी उभी केली, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. त्यानंतर राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा काढा. मूळ कायद्यात नऊ तासांचा दिवस, ४८ तासांचा आठवडा, आणि व्यवस्थापकीय पदांना त्यातून सूट. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हा दिवस दहा तासांचा करायला मंजुरी दिली, त्यावर मुलांना दोन्ही बाजूंनी भांडू द्या. ७० तासांची चर्चा लोखंड्यांचं नावही न घेता होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे काहीच होत नाही असं नाही. मुंबईच्या एसपी जैन संस्थेत विद्यार्थ्यांना काही आठवडे सामाजिक संस्थांबरोबर काम करावं लागतं, आणि तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मी इथे शिकवते तिथे असं सक्तीचं काही नाही. असावं, असं मी सहकाऱ्यांना सांगत असते.

एक गोष्ट मात्र कोणत्याच अभ्यासक्रमात सापडत नाही. माझ्या वर्गातली भारतीय मुलं ‘साहेबांना काय सांगाल’ या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घेतात. कारण विचारलं तर एकाने सरळ सांगितलं, ‘मॅडम, शैक्षणिक कर्ज आहे.’ त्याला भित्रा म्हणायची माझी हिंमत नाही. भारतात शिकणाऱ्यांचंही तेच : आपल्याकडच्या नामवंत संस्थांची फी आज वीस-पंचवीस लाखांच्या घरात आहे. हप्ता सुरू झालेल्या मुलाने पहिल्याच नोकरीत ‘नाही’ म्हणावं अशी अपेक्षा ठेवायची, तर संस्थेनेही काही सोसायला हवं.

संस्थेच्या हातात एक मोठी सत्ता आहे, ती म्हणजे प्लेसमेंट, कॉलेजातच होणारी नोकरभरती. या भरतीच्या पहिल्या दिवशी कुठली कंपनी येणार हे संस्था ठरवते, आणि बहुतेक ठिकाणी ते पॅकेजच्या आकड्यावर ठरतं. संस्थांनी कंपन्यांना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : गेल्या वर्षी इथून घेतलेली मुलं आठवड्याला प्रत्यक्ष किती तास काम करतात, वर्षाच्या आत त्यांतली किती सोडून गेली, आणि तक्रार केलेल्याचं पुढे काय झालं. उत्तरं प्लेसमेंटच्या अहवालात पॅकेजच्या शेजारी छापावीत. जी कंपनी उत्तर देणार नाही तिला पहिला दिवस देऊ नये, मग तिचा आकडा कितीही मोठा असो.