सुई, सॅम्पल आणि कूलर: एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. (‘पंचाहत्तरी गाठलेला श्रोता, धरमपेठ’ अशी सही तुम्हीच केलीत, म्हणून काका म्हणायचं धाडस.)

‘घरात गाणं ऐकायचं तर आधी चांगले स्पीकर घ्या, टर्नटेबलचं नंतर बघू’ असं मी लिहिलं आणि तुम्ही चांगलंच झापलंत. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. डिजिटल म्हणजे आवाजाचे तुकडे, त्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) तुटते. रेकॉर्डची ऊब तयार कानाला लगेच कळते. मुलाने बसवून दिलेल्या स्ट्रीमिंगवर किशोरीताई आमोणकरांचा भूप राग कागदी वाटला, तर तुमच्या जुन्या एलपीवर त्या समोर बसून गातात. तेव्हा ज्याचे कान तयार नाहीत त्याने लोकांच्या पैशांची वाट लावू नये.

भूप कागदी वाटला, हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझा वाद फक्त कारणाशी आहे.

आधी तुकड्यांचं बघू. सीडीच्या दर्जात सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेतले जातात. पुस्तकांत आणि जाहिरातींत ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे काढतात, आणि सगळा घोटाळा त्या चित्राने केलाय. डीएसीमधून, म्हणजे आकड्यांचा परत सिग्नल करणाऱ्या यंत्रातून, स्पीकरकडे जातो तो सिग्नल पायऱ्यांचा नसतो, सलग असतो. २२ किलोहर्ट्झच्या आतला आवाज असेल तर त्या सगळ्या नमुन्यांतून जाणारी रेघ एकच निघू शकते, दुसरी नाही. नायक्विस्टने १९२८ मध्ये याचा पाया घातला आणि शॅननने १९४९ मध्ये ते नीट मांडलं. त्यामुळे पंचमावरून गंधारावर उतरणारी मींड दोन नमुन्यांच्या मधल्या फटीत कुठे पडत नाही. २२ किलोहर्ट्झच्या वरचं काही राहून जातं म्हणाल, तर पन्नाशीनंतर १५ किलोहर्ट्झच्या पुढचं बहुतेकांना ऐकूच येत नाही. माझंही वय त्याच बाजूला झुकलंय, म्हणून रागावू नका.

मग भूप कागदी का झाला? तुमच्याच प्रतिक्रियेत उत्तर आहे, तुम्ही ते ओझरतं लिहिलंत: मुलाने फोन ‘ब्लूटूथच्या डब्याला’ जोडून दिला. म्हणजे एकीकडे जुना अॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे लाकडी स्पीकर, दुसरीकडे तळहातावर मावणारा डबा. शिवाय अॅपने डेटा वाचवायला आधीच दाबलेला आवाज ब्लूटूथने परत एकदा दाबला. स्पॉटिफाय २०२५ पर्यंत जास्तीत जास्त ३२० केबीपीएसने (सेकंदाला ३२० हजार बिट) वाजत होतं, म्हणजे दाबलेलंच. अॅपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस, म्हणजे काहीच न गाळलेला आवाज, दिलं, पण नेहमीच्या ब्लूटूथवरून लॉसलेस पुढे जातच नाही. या सगळ्यात रेकॉर्ड आणि स्ट्रीमिंगची तुलना झालीच कुठे? तुलना झाली ती स्पीकरची, आणि माझा लेखही तेच सांगत होता.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा, आणि तो मोठा आहे. आपल्या शास्त्रीय गाण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची डिजिटल आवृत्ती बनवताना पुष्कळ वेळा हयगय झालीय. टेपची खरखर नको म्हणून नॉइज रिडक्शन असं फिरवतात की खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही (तारांचा तो झणकार) खरवडून निघते. जवारीची सगळी झिलई वरच्या स्वरांशांत (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या बारीक, उंच स्वरांत) असते, आणि खरखरही तिथेच राहते. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. ऐकणाऱ्या माणसाने हात आवरायचा असतो. जवारी गेली की गाणाऱ्याच्या मागची भिंतच गेली. वर आवाज मोठा वाटावा म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे विलंबित आलाप आणि शेवटची तान एकाच उंचीवर. काही ट्रॅक तर कुणाच्या तरी रेकॉर्डवरूनच उतरवलेले असतात, कान दिला तर सुईची करकर ऐकू येते. तबल्यावर कोण आहे हेही अॅप बऱ्याचदा सांगत नाही, त्यासाठी एलपीचं वेष्टनच उलटून पाहावं लागतं. एवढ्यासाठी मी माझ्या एलपी विकलेल्या नाहीत. पण हे पाप मास्टरिंग करणाऱ्याचं, म्हणजे प्रकाशनाची शेवटची प्रत तयार करणाऱ्याचं, आहे, नमुन्यांच्या मोजणीचं नाही.

ऊब कानाला लगेच कळते, म्हणता. २०२२ चं मोबाइल फिडेलिटी प्रकरण आठवा. ही अमेरिकी कंपनी महागड्या रेकॉर्ड काढते आणि तिचे ग्राहक ‘शुद्ध अॅनालॉग’च्या शपथा घेणारे. त्या वर्षी कळलं की २०११ पासून त्यांच्या अनेक रेकॉर्ड मूळ टेपवरून नव्हे, तर टेपच्या डीएसडी, म्हणजे डिजिटल, प्रतीवरून कापल्या जात होत्या. इतकी वर्षं भलेभले कान त्याच रेकॉर्डना अॅनालॉगचा नमुना म्हणून मिरवत होते. ऊब खरीच असते, मी नाकारत नाही. खर्ज मधोमध आणून कापलेला, डाव्या-उजव्या चॅनलची थोडी सरमिसळ, सुईचं स्वतःचं डिस्टॉर्शन, यांतून ती येते. सुई आत सरकते तशी खाचेची गती घटते: बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर, लेबलजवळ २१. ख्यालाची द्रुत, म्हणजे जलद लयीची बंदिश, नेमकी तिथे येते, सगळ्यात जास्त ताना सगळ्यात अडचणीच्या जागेत.

गतीवरून आठवलं, तुमच्या टर्नटेबलचा पट्टा शेवटचा कधी बदललात? तबकडी सव्वा टक्का जोरात फिरली तर सगळं गाणं ८१:८० या प्रमाणात चढतं, म्हणजे बरोबर एक प्रमाणश्रुती, आपल्या श्रुतींतलं एक अगदी बारीक अंतर. स्वरांचं आपसातलं नातं शाबूत राहतं म्हणून कळत नाही, पण षड्ज हललेला असतो. आपला तानपुरा एखाद्या खात्रीच्या ट्यूनरवर लावून रेकॉर्डशी ताडून पाहा. स्ट्रीमिंगमध्ये निदान ही भानगड नाही. अर्थात टेप उतरवणाऱ्यानेच चुकीच्या गतीने उतरवली असेल तर बोलणंच खुंटलं.

आणि आपल्या नागपूरचं काय? सीडीची डायनॅमिक रेंज (सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठा आवाज यांतलं अंतर) ९६ डेसिबल, चांगल्या रेकॉर्डची ६०-७०, यावर लोक हातघाईवर येतात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे कूलर बंद करून गाणं ऐकणारा माणूस मला दाखवा. घरगुती कूलर खोलीत सहज ५५-६० डेसिबल आवाज करतो. गाणं ८५ पर्यंत नेलंत तरी हातात २५-३० उरतात. ९६ काय अन् ६५ काय, दोन्ही कूलरच्या टाकीत बुडाले. गंमत म्हणजे त्याच कूलरचा रेकॉर्डला फायदाही होतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तबकडीवर स्थिर वीज साचून ती धूळ ओढते आणि चटचट वाजते. कूलरच्या दमट हवेत ते बरंच कमी होतं. पावसाळ्यात मात्र वेष्टनांना बुरशी. आमच्या महालातल्या घरी कपाट ओल्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावं लागतं.

तेव्हा माझा सल्ला तोच, काका. नवशिक्याने पैसे आधी स्पीकरवर घालावेत. ज्याच्याकडे तुमच्यासारखा जुना संग्रह आहे त्याने टर्नटेबल जरूर सांभाळावा, कारण त्यातलं बरंच धड रूपात दुसरीकडे मिळत नाही.

आणि कानांचा निकाल लावायचाच असेल तर या माझ्याकडे. तुमचाच भूप, तुमच्याच एलपीवरून, माझ्या फोनो स्टेजमधून (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर उतरवून घेऊ. मग सुई आणि तिची ही प्रत एकाच अॅम्पवर, आवाजाची पातळी मोजून सारखी करून, आलटून पालटून लावू. स्विच माझ्या पुतण्याच्या हाती, आपण दोघं पाठमोरे. डिजिटलमध्ये काही तुटत असेल तर या प्रतीत तुटलंच पाहिजे. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलंत तर तो लेख मी काढून टाकीन. मृगाच्या पहिल्या सरीनंतर या, म्हणजे कूलर बंद ठेवता येईल. आधीच यायचं असेल तर एलपी गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून आणू नका. धरमपेठहून महालात पोचेपर्यंत तिची कढई झालेली असेल.