अवयव कोणाचे पडतात?

सुट्टीच्या उपक्रमात शाळा लिहिते, 'आपल्या पिन कोडचे मूळ अवयव पाडा.' खाली 'विद्यार्थ्याने स्वतः करावे' असंही असतं. वही उघडते शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री, त्यामुळे अवयव पडतात ते आईबाबांचे.

मला खरी दया येते ती कोथरूडकरांची. ४११०३८ ला दोनाने भागलं की २०५५१९ उरतो, आणि त्याला शंभराच्या आतली एकही मूळ संख्या भागत नाही. जिथे पार्किंग मिळत नाही तिथे अवयव कुठून मिळणार! सदाशिव पेठेचा ४११०३० त्या मानाने माणसाळलेला. शेवटी शून्य, म्हणजे दोन आणि पाच दारातच भेटतात. उरले ४११०३. अंकांची बेरीज ९, तीनाने भागा: १३७०१. इथे बहुतेक घरं तीनाला निरोप देऊन साताकडे वळतात, आणि तिथेच फसतात. १३७०१ च्या अंकांची बेरीज १२, म्हणजे तीन अजून आत बसलाय. पुन्हा भागा: ४५६७.

इतक्या शिस्तीत रांगेला उभा राहिलेला आकडा बघून आजोबा खूश होतात. पण तो मूळ आहे हे दाखवणं हाच खरा जाच. ६७ चा वर्ग ४४८९, ६८ चा ४६२४. म्हणून ६७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्याहून मोठा अवयव असता, तर त्याचा धाकटा जोडीदार आधीच सापडला असता. अशा संख्या १९. ५१ आणि ५७ चेहऱ्यावरून मूळ वाटतात, पण दोघेही तीनाच्या घरचे. त्यांच्यावर कागद घालवू नये. साताने बाकी ३, अकराने २, तेराने ४, असं करत ३७ ने १६ येते आणि पुढे ४१ नेही १६. लगेच, 'अहो, मागचंच उतरवलंत!' नाही हो. ३ × ३७ × ४१ म्हणजे ४५५१. वर १६ उरणारच. दुसरा चहा होतो तेव्हा कुठे ६७ ने बाकी ११ येते.

एवढ्या छळानंतर पेठेला एक मानही आहे. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो अशा संख्येला दत्तात्रय कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. हे देवळालीचे शिक्षक, फर्ग्युसनचे विद्यार्थी. ४११०३० ÷ ९ = ४५६७०, म्हणजे पेठ हर्षद. (बेरीज ९ आली की हे होतंच, पण पेठेत बोलू नये.) कोथरूडची बेरीज १७, भागून बाकी १२.

वही बंद करण्यापूर्वी गुणाकार करून बघा: २ × ३ × ३ × ५ × ४५६७. मुलं एक तीन हमखास गाळतात. मग उत्तर येतं १३७०१०, आणि १३ ने सुरू होणारे पिन हरियाणाचे.