'शीन' म्हणजे हिरवं दुःख नव्हे

एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: कुर्द लोकांच्या कुर्मांजी भाषेत दुःखाला 'शीन' म्हणतात आणि हिरव्या-निळ्या रंगालाही 'शीन'च म्हणतात. दुःखातूनच पालवी फुटते, हे पिढ्यानपिढ्या सोसलेल्या या लोकांनी ओळखलं, म्हणून दोन्हींना एकच शब्द. त्यांच्याकडे आनंदाला धड शब्द नाही, आणि 'शीन'ला जगातल्या कुठल्याच भाषेत प्रतिशब्द नाही. वाचायला छान वाटतं. पण यातलं जवळजवळ काहीच खरं नाही, आणि एका जित्याजागत्या समाजाच्या शोकाबद्दल असं काहीबाही पसरावं याचं मला वाईट वाटतं.

पहिला दावा एकाच शब्दाचा. मुळात हे दोन शब्द आहेत. शोकाचा 'शीन' विलापातून आला. मध्य फारसीत 'शेवन' म्हणजे आक्रोश, आजच्या फारसीत 'शीवन', आणि कुर्दिशच्याच सोरानी बोलीत 'शीवॅन' आणि 'शीन' दोन्ही चालतात. कुर्मांजीत मधला 'व' झिजून गेला. रंगाच्या 'शीन'चं घराणं वेगळं. प्राचीन इराणी भाषांत 'अख्शैन' म्हणजे गडद, निळसर. इराणच्या दारियस सम्राटाच्या सुसा इथल्या राजवाड्याच्या लेखात मध्य आशियातल्या ख्वारिझमहून आणलेल्या फिरोजा खड्याला हेच विशेषण लावलंय. पुढे आरंभीचे वर्ण गळाले आणि 'शीन' उरला. झिजत झिजत दोन शब्द एका उच्चाराला येऊन टेकले, एवढंच. मराठीत माणसाचं नाव आणि पाण्यातली नाव यांचं हेच झालंय. एक 'नामन्'वरून आलं, दुसरी 'नौ'वरून. त्यावरून मराठी माणसाच्या मनाबद्दल सिद्धांत मांडला, तर आपल्याला पटेल का?

व्याकरणही हे दोन शब्द वेगळे ठेवतं. 'चावेन शीन' म्हणजे निळे डोळे. इथे शीन विशेषण आहे. शोकाचा शीन हे स्त्रीलिंगी नाम आहे: 'शीना वी', त्याचा शोक. 'शीन बून' म्हणजे उगवणं, गवत-पीक वर येणं. 'शीन गिर्तिन' म्हणजे शोक पाळणं. 'शीन किरिन'चे मात्र दोन्ही अर्थ होतात, पीक पिकवणं आणि शोक करणं, आणि कुठला घ्यायचा ते वाक्य ठरवतं. कवीनं त्यावर खुशाल श्लेष करावा. पण श्लेष म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

दुसरी चूक मला जास्त खटकते. 'शीन' म्हणजे मनात साठलेलं दुःख नव्हेच. त्यासाठी कुर्मांजीत शब्दांची रांग आहे: खॅम, दॅर्द, कुल, कोवान, कॅसॅर. खॅम हा आपल्याला गाण्यांतून माहीत असलेला 'गम'. रोजच्या बोलण्यात 'खॅम नीनॅ' म्हणजे 'काही हरकत नाही'. कुल म्हणजे चिघळलेली जखम, आणि तसंच काळजाला लागलेलं दुःख. कुणी त्रासलेला दिसला की 'दॅर्दे तॅ चि यॅ?' असं विचारतात. शीन ही याहून वेगळी गोष्ट, कारण ती करायची, पाळायची असते, आणि तीही चारचौघांत. आर्मेनियातल्या कुर्मांजी बोलणाऱ्या यझिदी या छोट्या धर्मसमुदायामध्ये मयताच्या वेळी बायका 'किलामे सॅर' म्हणतात. गेलेल्या माणसाला, मागे राहिलेल्यांना उद्देशून सुरात बोललेले शब्द असतात ते. ऐकणाऱ्याला गाणं वाटेल, पण ते लोक त्याला गाणं म्हणत नाहीत. किलाम म्हणजे बोल. लग्नातली आनंदाची गाणी निराळी, त्यांचं नाव निराळं, आणि वाद्यंसुद्धा वाटून दिलेली: लग्नाला झुर्ना, मयताला दुदुक. ३ ऑगस्ट २०१४ नंतर इराकमधल्या सिंजारच्या यझिदींवर 'इस्लामिक स्टेट'च्या हल्ल्यानं जे ओढवलं, त्याचा शोक याच भाषेत झाला. तिथे पालवीची कल्पना चिकटवायला जीभ कशी रेटते?

शोकाचा रंग म्हणाल तर तोही हिरवा-निळा नाही. 'रॅश गिरेदान', शब्दशः 'काळं बांधणं', हाही शोक पाळण्याचा रूढ वाक्प्रचार आहे.

आनंदाला शब्द नाही, हे तर अगदीच निराधार. 'शाही' म्हणजे आनंद, उत्सव, आणि 'शीन ऊ शाही' ही तर ठरलेली जोडी. शेजारी, सोयरे शीनला येतात तसे शाहीलाही येतात.

राहिला प्रतिशब्द. तो मराठीत तयार आहे: दुखवटा. दुखवटाही पाळायचा असतो, त्यालाही दिवस असतात, माणसं असतात, ठरलेलं बोलणं असतं. आपण समाचाराला जातो, कुर्द माणूस 'सॅर्ख्वॅशी'ला जातो. तिथे घरच्यांना म्हणायचं ते 'सॅरे वॅ साख बॅ': तुमचं शिर सलामत राहो. कुणा कुर्द ओळखीच्या माणसाच्या घरी असा प्रसंग आला, तर व्हायरल मजकुरातलं वाक्य पाठवू नका, हे म्हणा.